सोमवारचा खाडा

३ एप्रिल २०२५, गुरुवार. संध्याकाळी

नाही, घाबरलो-बिबरलो काही नाही. मी कशाला घाबरू? पन्नास वर्षं विहिरीतून मोटारी वर काढल्या, जळालेल्या कॉईली उघडल्या, थ्री फेजचा शॉक दोनदा खाल्ला. मानेत एक नळी बसवली तर त्यात घाबरायचं काय. त्या दिवशी घाम आला तो उकाड्याचा. 

ही वही सेंटरच्या सुलक्षणा सिस्टरने दिली. रकाने पाडून दिले. तारीख, वजन, पाणी किती प्यालं, लघवी किती झाली. म्हणे, नाना रोज भरत जा. सातवी पास माणूस मी, लघवी मोजायला बसू? रकाने सोडून आडवं लिहितोय. वही कोणाला दाखवायची नाही.

मुद्द्याचं. दहा मार्चपासून सोमवार आणि गुरुवार डायलिसिस. चार-चार तास. आज आठवी वेळ. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीस तारखेला आहे. तोवर हे प्रकरण बंद करायचं. सत्तावीस दिवस आहेत. मोटार तर मी दोन दिवसांत बांधून देतो.

७ एप्रिल, सोमवार

आज मशीन नीट बघितलं. लोक उगीच हवा करतात. काही नाही त्यात.

मानेतल्या नळीला दोन तोंडं. एकातून रक्त बाहेर येतं. पुढे पंप, रोलरचा. रसवंतीच्या चरकासारखा नळी दाबत गोल फिरतो. तिथून रक्त एका पारदर्शक नळकांड्यात जातं. आत केसाएवढ्या हजारो पोकळ दोऱ्या. रक्त दोऱ्यांच्या आतून चालतं, औषधाचं पाणी बाहेरून, उलट्या दिशेने. दोऱ्यांना भोकं इतकी बारीक की रक्त बाहेर जात नाही, घाण मात्र झिरपून पाण्यात उतरते. अंगात साठलेलं जास्तीचं पाणीही मशीन ओढून घेतं. चाळलेलं रक्त दुसऱ्या तोंडाने परत अंगात. गाठी होऊ नयेत म्हणून मध्ये एक औषध सोडतात. एका वेळी रक्त बाहेर किती, विचारलं. पेलाभर. म्हणजे कटिंग चहापेक्षा थोडं जास्त. त्यासाठी घरात सुतक पडल्यासारखी तोंडं.

सुलक्षणा म्हणे, किडनी रात्रंदिवस करते ते काम मशीन आठवड्यात आठ तासांत करतं, म्हणून मधल्या दिवसांत पाणी, मीठ, केळी सांभाळा. बरोबर आहे. स्टँडबाय पंपाची ताकद तेवढीच. डॉक्टरांना मी समजावलं, की मूळची मोटार, म्हणजे किडनी, गरम झाली होती, तिला स्टँडबाय लावून आराम दिला, आता ती पकडेल. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ओढला. मग म्हणे, नाना, गरम नाही झाली, दोन्ही किडन्या आकसल्या, बीपीने आणि तुम्ही गुडघ्यासाठी बारा वर्षं खाल्लेल्या गोळ्यांनी, आता त्या मागे येणार नाहीत.

पोरगा आहे. तिशीचा असेल. माझ्या हाताखालून चार-पाच हजार मोटारी गेल्या. जी बांधता येत नाही अशी एक नाही सापडली.

१० एप्रिल, गुरुवार

वजन तीन किलो जास्त निघालं. काटा खराब आहे.

शेजारच्या बेडवर नजीरभाई असतो, नशिराबादचा, गाद्या भरणारा. तीन वर्षं झाली त्याला. तो अठ्ठावन्नवर येतो, अठ्ठावन्नवर जातो, एक किलो इकडे-तिकडे. मी म्हटलं काटा खराब. तो म्हणे, नाना, माझ्यासाठी काटा चांगला आणि तुमच्यासाठी खराब, असा काटा बाजारात मिळत नाही.

हसला. मी नाही हसलो.

बायको, ताईबाई, सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवते. दिवसभराचं पाणी त्यातच. चहा आणि भाजीचा रसाही त्यातच धरायचा म्हणे. जळगावात चव्वेचाळीस डिग्री. मेहरूण तलावातली म्हैस माझ्यापेक्षा सुखी. तरी मी बाटलीबाहेर गेलो नाही. दुकानातल्या माठातलं पाणी ते दुकानाचं, त्याचा बाटलीशी संबंध नाही. टरबूज हे फळ आहे. बर्फ चघळायचा असतो, तो कोणी पीत नाही.

पन्ह्याचं अजून ठरवलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

दिपमालाचा व्हिडिओ कॉल. मी मफलर गुंडाळून बसलो. नाना, एप्रिलमध्ये मफलर? म्हटलं घसा बसलाय. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, घशाला जपा.

धुळ्याला देवपुरात दिली तिला. एकवीस वर्षं झाली. एकवीस आखाज्या मी स्वतः मुराळी म्हणून तिला माहेरी आणायला गेलो. एकदा पाय प्लास्टरमध्ये होता तरी गेलो. काही जण हल्ली लेकीला फोन करतात, गाडीत बसून ये म्हणतात. याला माहेर म्हणत नाहीत, पार्सल म्हणतात. बाप किंवा भाऊ दारात जाऊन उभा राहिला पाहिजे. लेकीने आतून बघितलं पाहिजे की कोण आलं. तिच्या तोंडावर तेव्हा जे येतं ते मी एकवीस वेळा बघितलं. त्यासाठी लग्न लावून द्यायचं नाहीतर कशाला.

तिला डायलिसिसचं सांगितलेलं नाही. ताईबाईला आणि पोराला, ज्ञानेश्वरला, ताकीद आहे. सांगितलं की पोरगी रडत येणार, सासूला सुट्टी मागणार, मग सगळं धुळं म्हणणार नाना गेले कामातून. मार्चमध्ये आजारी होतो तेव्हा व्हायरल सांगितलं. व्हायरलच म्हणायचं.

यंदा मी गेलो नाही तर तिला कळेलच. म्हणून जायचं. पक्कं.

१७ एप्रिल, गुरुवार

अडचण. जायचं सोमवारी, अठ्ठावीसला. मंगळवारी तिला घेऊन निघायचं, बुधवारी आखाजी. सोमवार डायलिसिसचा.

सुलक्षणाला म्हटलं वार बदल. ती म्हणे सगळी मशीन भरलेली आहेत. मग म्हणे, धुळ्यात सेंटर आहे, पत्र देते, सोमवारी तिथे करून घ्या. कल्पना वाईट नव्हती, पण बाप मुराळी येतो आणि पहिले दवाखान्यात आडवा पडतो, हे काय मुराळीपण झालं? नको म्हटलं. खाडा करतो, गुरुवारी येतो.

ती म्हणे, नाना, खाडा शाळेत करतात. पत्र लिहून ठेवलंय, घेऊन जा.

नाही घेतलं.

२० एप्रिल, रविवार

ज्ञानेश्वर म्हणाला मी जातो धुळ्याला. त्याच्या बोलण्यात चूक काही नाही, भाऊ आहे. पण तो गाडी घेऊन जाणार, दारात हॉर्न वाजवणार. हॉर्न वाजवून लेक आणतात का? त्याला म्हटलं दुकान सांभाळ. तो चिडला. म्हणे, दुकान सांभाळतोच आहे, तुम्हाला कोण सांभाळणार?

माझी मला पुरेशी सवय आहे.

२१ एप्रिल, सोमवार

डॉक्टर मागे लागले आहेत की हाताचं ऑपरेशन करून घ्या. डाव्या मनगटापाशी धमनी आणि शीर जोडतात. मग शीर जाड होते, तिच्यात सुया टोचता येतात. तयार व्हायला दीड-दोन महिने. मानेतली नळी तात्पुरती आहे, पू होऊ शकतो, ताप येऊ शकतो.

मी म्हटलं, नळी तात्पुरती, मीपण तात्पुरता. दोघांचं जमतंय. शिवाय डाव्या हाताने मी तार ओढतो. त्या हातावर नंतर बीपी घ्यायचा नाही, वजन उचलायचं नाही म्हणतात. म्हणजे हात मशीनच्या नावावर करून द्यायचा.

नजीरभाईने बाही वर करून दाखवला त्याचा. शीर अंगठ्याएवढी, हात लावला तर आत घरघर लागते. म्हणे, कान लावा. लावला. विहिरीवर दूर कुठे मोटार चालू असते तसा आवाज.

चांगली चालू होती. पण आपल्याला नको.

२४ एप्रिल, गुरुवार

प्लॅन आजचा होता, तो लिहून ठेवतो. चुकला तो प्लॅन नव्हे, प्लॅनमधला एक भाग.

मशीन किती पाणी ओढायचं हे कसं ठरवतात? आल्यावर काट्यावर उभं करतात. माझं पाणी नसतानाचं वजन सत्तावन्न. काटा एकोणसाठ दाखवला तर दोन किलो जास्त, म्हणजे दोन लिटर ओढायचं. सोपं गणित. मग सोमवारचा खाडा करायचा तर सोमवारचं पाणी आजच ओढून घ्यायचं. ॲडव्हान्स. बंडीच्या आतल्या खिशात तांब्याच्या तारेची दोन बंडलं ठेवली, एक-एक किलोची. काट्यावर उभा राहिलो. एकसष्ट. सुलक्षणा म्हणे, नाना, फार प्यालात. मी मान खाली घातली. ती चार लिटरला एकदम तयार नव्हती. मी म्हटलं, लावून दे. तिने साडेतीन लावलं.

दोन तास उत्तम गेले. मग जांभया. मग डोळ्यांपुढे अंधार. मग पोटऱ्यांत गोळे आले, दोन्ही पायांत. मी ओरडलो असं नजीरभाई म्हणतो. मला आठवत नाही. बीपी सत्तरवर आला. पाय वर, डोकं खाली, बाटली लावली, जे पाणी ओढलं होतं त्यातलं निम्मं परत अंगात सोडलं.

छाती तपासताना बंडी उघडी करावी लागली. बंडलं खाली पडली.

 सुलक्षणाने बंडलं उचलली, काट्यावर ठेवली. दोन किलो वीस ग्रॅम. ते तिने माझ्या कागदावर लिहिलं. मग म्हणाली, "नाना, अंगात नसलेलं पाणी कोणी काढून देऊ शकत नाही. मशीननेही नाही."

नजीरभाई म्हणे, तांबं शुद्ध आहे का?

२५ एप्रिल, शुक्रवार

थकवा. तरी विचार केला. चूक कुठे झाली? एक किलोचं एकच बंडल न्यायला पाहिजे होतं.

 रात्री ताट ठेवताना ताईबाई एवढंच म्हणाली, "मी सवाष्ण मरनार शे, आधीच सांगी ठेवस. मना नंबर पहिला." तिला कोणी नंबर विचारला नव्हता.

२७ एप्रिल, रविवार

पाणी चारशे मिली. शंभर टक्के खरं. तहान जवळजवळ नाही. पायाची सूज कमी. लघवी नेहमीपेक्षा दोनदा जास्त झाली.

मोटारीने पकड घेतली वाटतं. मी म्हणत होतो.

उद्या सहाची बस. ज्ञानेश्वर सातला सेंटरवर सोडायला येतो, त्याआधी निघायचं. चिठ्ठी ठेवतो. उगीच गोंधळ नको.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी, बसमध्ये

निघालो. मफलर बांधली आहे. कंडक्टर म्हणे बाबा, थंडी वाजते का. म्हटलं, हो.

पारोळ्याला बस थांबली. उसाचा रस प्यालो, बिनबर्फाचा. बर्फ टाळला.

संध्याकाळी, धुळे

दिपमाला बस स्टँडवरच उभी होती, रिक्षा घेऊन. मी येणार हे तिला सांगितलं नव्हतं. दारात उभा राहायचा विचार होता, तो गेला. पण बघा, लेकीला बापाची चाहूल लागते. याला डॉक्टर नाही लागत. मला बघून तिच्या तोंडावर नेहमीचं आलं नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पायांकडे बघत राहिली. चप्पल नवी आहे, म्हणून असेल.

व्याही पुना आप्पा जरा उतरलेत वाटतं. पूर्वी तांब्या भरून पाणी समोर यायचं. यंदा वाटीत दिलं. जेवायलाही वाटीतच. भाजीत मीठ नाही. केळीचा घड टोपल्यात दिसत होता, दिपमालाने उचलून आत नेला.  प्रत्येकाचे दिवस असतात. जावई स्वप्नीलराव सारखे विचारत होते, नाना दम लागतो का. त्यांना स्वतःला लागत असेल.

दिपमाला म्हणे उद्या अकराला एके ठिकाणी जायचं आहे, मग निघू. बाजारहाट असेल.

पाचला पाय मोकळे करतो म्हणून बाहेर पडलो. चौकात शहाळी होती. दोन घेतली. शहाळं आजाऱ्यालासुद्धा देतात. तिसरं गोड निघालं म्हणून घेतलं.

२९, मंगळवार

झोप नाही. आडवं झालं की दम कोंडतो. बसून काढली.

सकाळी सात. चूळ भरायला उठलो, पाय ओळखीचे वाटेनात. छातीत फेज गेल्यासारखं. एक ठोका, मग नाही. मग दोन एकदम.

दिपमालाला हाक मारली. हाक बाहेर आली नाही. तरी ती आली.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. जळगाव, घरी. दुपारी

लिहून टाकतो एकदाचं.

काल रिक्षात दिपमाला मला धरून बसली होती. सेंटरवर नाव सांगितल्याबरोबर बेड मिळाला. अकराची वेळ आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेली होती, तिने. सुलक्षणाचं पत्र फोनवर आलं होतं, तेही तिच्याकडे. बाजारहाट नव्हता.

तिथला डॉक्टर म्हातारा निघाला, माझ्याच वयाचा असेल. त्याला पोरगा म्हणता येईना. रक्त तपासलं. म्हणे, शहाळी किती? मी म्हटलं एक. दिपमाला म्हणाली, नाना. मी म्हटलं तीन. म्हणे, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी ते बाहेर टाकते, तुमची टाकत नाही, ते साठलं की हृदय थांबतं. तुमचं थांबायच्या तयारीत होतं. अजून अर्धा तास आणि मशीन लावायला माणूस उरला नसता.

मशीन लावलं. तोच पंप, तसलंच नळकांडं, त्याच दोऱ्या. छाती हळूहळू मोकळी झाली. दुसऱ्या तासाला श्वास पोटापर्यंत गेला. मी वर टांगलेल्या बाटलीकडे बघत होतो. मग विचारलं, मूळची मोटार कधी पकडेल? लघवी रविवारी चांगली झाली होती. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. म्हणे, नानासाहेब, ती जळाली, तिची तार उरली नाही आणि बॉडीही आकसली. आता हीच मोटार. बसवून घ्या नाहीतर पाणी बंद.

मी विचारलं, वॉरंटी? म्हणे, खाडा नाही केला तर पुष्कळ वर्षं.

सरळ बोलला. याला पहिल्या दिवशीच आणायला पाहिजे होतं समोर. आपल्याकडे कोणी सरळ सांगत नाही.

दिपमाला बाजूला स्टुलावर बसली होती. रडली नाही. मी म्हटलं, तुला सांगणारच होतो. ती म्हणाली, "अकरा मार्चला आईने सांगितलं. दर सोमवारी-गुरुवारी ज्ञानूदादा फोन करतो, वजन किती आलं ते सांगतो. तांब्याचं पण सांगितलं."

म्हणजे दीड महिना मी मफलर कोणासाठी बांधत होतो.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणे, "तुम्ही एवढं लपवत होता नाना, मला वाटलं तेवढंच तरी तुमच्या मनासारखं होऊ दे."

 मशीनचा अलार्म वाजला, बरं झालं. नळीला पीळ पडला होता.

पुना आप्पा रात्री दवाखान्यात भेटायला आले. म्हणे, व्याही, उद्या आमच्याकडे पितरांची घागर भरतो, थोडक्यात वाचलात, नाहीतर तुमच्याकडे एक घागर वाढली असती. मी म्हटलं, वाढली असती तर ज्ञानेश्वरने भरली असती, तुम्हाला काय त्रास. हसलो दोघं. वाटीतल्या पाण्याचा विषय मी काढला नाही.

हाताचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. डावा. कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझा मी विचार केला. शुक्रवारी तारीख घेतो. उद्या गुरुवार, सेंटर सातला.

आज सकाळी निघालो. स्वप्नीलरावांनी गाडी दिली, ड्रायव्हर दिला. मला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं दिपमालाच्या मांडीवर. मी सांगितलं बसून येतो, कोणी ऐकलं नाही. मुकटी गेलं, पारोळं गेलं, एरंडोल गेलं. पाण्याची बाटली तिच्या हातात. टोपणाने मोजून दोनदा दिलं. तिसऱ्यांदा मागितलं तर म्हणाली, जळगाव आल्यावर.

दारात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

ताईबाई भाकर-तुकडा घेऊन बाहेर आली. लेक आली की तिच्यावरून ओवाळून टाकायचा असतो. दिपमाला खाली उतरली, मग तिने मला हात देऊन उतरवलं. ताईबाईने तिच्यावरून ओवाळला. मग थांबली. मग माझ्यावरून ओवाळला आणि टाकला. डोळ्यांना पदर लावला आणि आत गेली.

समोरच्या ओट्यावर वच्छलाबाई बसलेली असते, अमळनेरची, तोंडाने फटकळ. गल्लीतल्या बाया आखाजीच्या झोक्यापाशी जमल्या होत्या. सगळ्यांसमोर तिने विचारलं,

"कोन कोनले लई उनं, नाना?"

कोणी कोणाला आणलं, हे मी तिला सांगितलं नाही. इथेही लिहिणार नाही.